एकट्याचा गळा

अनेक वर्षे समूहात गात आलेला गायक जेव्हा केवळ आपल्या नावावर तिकिटे विकली गेलेल्या सभागृहात प्रथमच उभा राहतो, तेव्हा कसोटी लागते ती त्याच्या प्रतिभेची नव्हे, तर दमसासाची, असे माझे मत गाण्याच्या आणि गाणे शिकविण्याच्या व्यवसायात हळूहळू बनत गेले. आणि ते पारखून घेण्यास आपल्याकडील उदाहरणांपेक्षा एक परदेशी उदाहरणच मला अधिक उपयोगी पडले आहे. जॉर्ज हॅरिसन याने १९७४ साली अमेरिका व कॅनडा या देशांत केलेला दौरा हे ते उदाहरण. बीटल्स हा समूह विसर्जित झाल्यानंतर त्या चौघांपैकी उत्तर अमेरिकेच्या दौऱ्यावर निघालेला हा पहिलाच, आणि त्यामुळे व्हँकुव्हर येथे २ नोव्हेंबर रोजी सुरू होऊन २० डिसेंबर रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये संपलेल्या या मोहिमेकडे लोकांचे डोळे जितक्या उत्कंठेने लागले होते, तितक्याच कठोरपणे पुढे तिचा न्यायनिवाडाही झाला.

४९ दिवसांत सुमारे ४५ प्रयोग, आणि काही दिवशी तर दुपारी एक व रात्री एक असे दोन. आपल्या नाटक मंडळ्यांत उमेदवारी केलेल्या नटाला या हिशेबाचे नवल वाटणार नाही. पण त्या नटाचा गळा लहानपणापासून त्याच शिरस्त्यात वाढलेला असे. हॅरिसनचा तसा नव्हता. बीटल्सच्या भ्रमंतीच्या काळात त्यांचा कार्यक्रम जेमतेम अर्ध्या तासाचा, सुमारे अकरा गीतांचा असे, आणि त्यांतील एखाददुसरे गीत काय ते याच्या वाट्याला येई. उरलेला वेळ तो गिटार वाजवी आणि लेनन-मॅकार्टनी यांच्या स्वरात आपला स्वर मिसळी. शिवाय ते गाणे ऐकतो कोण! न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर १९६५ साली जमलेल्या ५५ हजार माणसांच्या किंकाळ्यांत गायकाचा स्वर चढा लागला की उतरला, हे खुद्द गायकालाही उमजत नसे. ऑगस्ट १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी तिकीट लावलेला शेवटचा कार्यक्रम केला, आणि त्यानंतरच्या आठ वर्षांत ध्वनिक्षेपणाची यंत्रे इतकी सुधारली, की १९७४ च्या श्रोत्यांना गळ्यातील प्रत्येक खर स्पष्ट ऐकू येऊ लागली. मधल्या काळात हॅरिसन रंगमंचावर आला नाही असे नाही. १९७१ च्या १ ऑगस्ट रोजी बांगलादेशासाठी त्याने घडवून आणलेले दोन प्रयोग विख्यातच आहेत. पण तेथे बॉब डिलन, लिऑन रसेल, रिंगो स्टार अशी भारी मंडळी आळीपाळीने पुढे येत होती आणि सारे एका दिवसात आटोपले होते.

समूहातील गायकाला विश्रांती मागावी लागत नाही. दुसऱ्याची पाळी आली की ती आपोआप मिळते, आणि म्हणूनच ती आपल्याला मिळत होती हे त्याला एकटा पडेपर्यंत कळत नाही. वृंदगानातून स्वतंत्र गायनाकडे वळलेल्या शिष्यांना मी प्रथम शिकवितो ते गाणे नव्हे, तर गळा खर्च करण्याचे शास्त्र: कोणत्या चिजेनंतर कोणती घ्यावयाची, तारसप्तकाचे काम मध्यंतराच्या अलीकडे किती ठेवावयाचे आणि पलीकडे किती, साथीदाराला मोकळे सोडून दोन आवर्तने स्वस्थ कोठे बसावयाचे. घरातील धान्याच्या कोठीचा अंदाज घेऊन वर्षाची बेगमी करणाऱ्या गृहिणीची दृष्टी येथे लागते.

हॅरिसनच्या बाबतीत कोठी मुळात रिकामीच होती. त्या वर्षी त्याचा संसार मोडला होता, मद्यपान वाढले होते, डार्क हॉर्स नावाची स्वतःची ध्वनिमुद्रिका कंपनी त्याने मे महिन्यात काढली होती, पंडित रविशंकरांच्या भारतीय वाद्यवृंदाचा युरोपातील दौरा त्याच्याच आश्रयाखाली झाला होता, आणि इतक्या व्यापात स्वतःची ध्वनिमुद्रिका पुरी करण्याचे काम ऑक्टोबरपर्यंत रखडले. दिवसा तालीम आणि रात्री ध्वनिमुद्रण या क्रमात त्याचा घसा सुजला आणि आवाज बसला. त्या ध्वनिमुद्रिकेचे नाव ज्या गीतावरून पडले, ते गीत त्याने लॉस एंजेलिस येथे दौऱ्याच्या साथीदारांसह याच बसलेल्या आवाजात मुद्रित केले, म्हणून हा घोगरेपणा आजही जसाच्या तसा ऐकता येतो. बाजारात ती आली डिसेंबरात, म्हणजे दौऱ्याचा मोठा भाग उलटून गेल्यावर. तेव्हा श्रोत्यांना नव्या गीतांची ओळखही आधी होऊ शकली नाही.

सुजलेल्या घशाचा स्वभाव असा, की स्वर नीट जुळत नाही म्हणून गायक जोर लावतो, जोर लावला की सूज वाढते, आणि सूज वाढली की आणखी जोर लावावा लागतो. पाठीमागे शिंगवाद्ये आणि दोन-दोन ढोलवादक घणघणत असले, तर स्वतःचा स्वर ऐकू न आल्याने हा फेरा अधिकच वेगाने फिरतो. बैठकीतील गायकाला यावर उपाय असतात: तंबोरे अर्ध्या स्वराने उतरवावेत, रात्र मध्य सप्तकातच काढावी, निरुपाय झाला तर कार्यक्रम तहकूब करावा. हजारो तिकिटांचा करारनामा झालेल्या गायकाला यांतील बहुतेक वाटा बंद असतात. येथे मला कुमार गंधर्वांची आठवण होते. क्षयाने फुप्फुस निकामी केल्यावर ते देवासला काही वर्षे गाण्यावाचून पडून राहिले आणि परतले ते लहान-लहान, तुटक, पण विजेसारख्या झपाट्याच्या स्वरवाक्यांची गायकी घेऊन. श्वासाची मर्यादा त्यांनी शैलीतच जिरवून टाकली. पण त्यासाठी लागणारे मौन त्यांना सक्तीने का होईना लाभले होते. हॅरिसनला चार आठवडेही लाभले नाहीत.

तरीही कार्यक्रमाची आखणी करताना या माणसाला रंगमंचाची जाण नव्हती, असे मी म्हणणार नाही. आरंभ तो एका केवळ वाद्यांच्या रचनेने करी, म्हणजे आल्याआल्या गळ्यावर भार नाही. मध्ये त्याचा साथीदार बिली प्रेस्टन आपली गाजलेली गीते गाई आणि बहुधा त्या रात्रीच्या सर्वांत मोठ्या टाळ्या तोच नेई. आणि एक मोठा विभाग रविशंकरांच्या वृंदाचा असे. त्या वृंदात अल्लारखाँ, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, सुलतान खाँ, लक्ष्मी शंकर आणि व्हायोलिनवर सत्यदेव पवार अशी मंडळी होती. आपल्या मुंबईतील एखाद्या सभागृहात त्यांच्यातील कोणत्याही एकासाठी लोक पहाटेपर्यंत बसले असते. पण ज्यांनी रॉक संगीतासाठी पैसे मोजले होते त्यांतील बऱ्याच जणांना ते ओझे वाटले, ते मधूनच ओरडत राहिले, आणि सुरुवातीच्या प्रयोगांनंतर कार्यक्रमाच्या क्रमात फेरफार करावा लागला. शिकागो येथे रविशंकरांना हृदयविकाराचा झटका आला. काही प्रयोग त्यांच्यावाचून झाले आणि वृंदसंचालनाची जबाबदारी लक्ष्मी शंकरांनी उचलली. एका दुखऱ्या घशाच्या यजमानाने दुसऱ्यांच्या कलेसाठी आपला रंगमंच इतका रिकामा करून द्यावा, यातील औदार्य अमेरिकी समीक्षकांना दिसले नाही, याचे मला अजूनही वैषम्य वाटते. विश्रांतीचा बंदोबस्त म्हणूनही तो विभाग चोख होता.

फिर्याद मात्र दुसऱ्याही एका गोष्टीची होती, आणि तेथे माझा कौल श्रोत्यांच्या बाजूने आहे. लोकांची फर्माईश बीटल्सच्या गीतांची. त्याने दिली ती मोजकी, आणि त्यांतही शब्द बदलून. ‘समथिंग’ आणि ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’ ही तर त्याची स्वतःची. पण लेननच्या ‘इन माय लाइफ’मध्येही त्याने प्रियेच्या जागी ईश्वर आणून बसविला. फर्माईश नाकारण्याचा अधिकार कलावंताला आहे आणि पुरविण्याचे औदार्यही त्याच्याच हाती आहे. भीमसेन जोशींची मैफल कितीही गंभीर रागांत गेली तरी उत्तररात्री अभंगाची मागणी होई आणि बुवा ती आनंदाने पुरवीत. पण मागितलेली वस्तू द्यावयाची आणि देताना ती ओळखू येणार नाही अशी करावयाची, हा मार्ग नकारापेक्षाही अधिक दुखावणारा. बंदिशीत रोज नवा विस्तार करणारे आम्ही लोक शब्दांना गौण मानतो, म्हणून आम्हाला हे चटकन उमगत नाही. परंतु भावगीत गाणाऱ्या माझ्या स्नेह्यांना विचारा, एक ओळ चुकली तर पहिल्या रांगेतील आजी ती दुरुस्त करून देतात.

त्या दौऱ्यात श्रोत्यांनी लपूनछपून केलेली ध्वनिमुद्रणे मी ऐकली आहेत. आवाज खरखरीत आहे, वरचे स्वर हाताशी येत नाहीत, आणि शेवटच्या ‘माय स्वीट लॉर्ड’मध्ये लय इतकी वाढविलेली आहे, की त्या गीताची मूळ शांती हरपून ते घोषणांसारखे होते. पण त्यात लबाडी नाही, आणि गिटारच्या तारेवर घासत जाणारे त्याचे स्वर कोठेही बसलेले नाहीत. ज्या रात्री गळा साथ देत नसे त्या रात्रीही ते अंग शाबूत राहिले. गावोगावच्या वृत्तपत्रांतून पुष्कळदा बरे लिहून आले, तरी मोठ्या साप्ताहिक-पाक्षिकांचा निकालच इतिहासात राहिला.

यानंतर १७ वर्षे त्याने दौऱ्याचे नाव काढले नाही. १९९१ च्या डिसेंबरात तो जपानात गेला तेव्हा प्रयोग फक्त १२ ठेवले, साथीला एरिक क्लॅप्टन आणि त्याचा कसलेला वृंद घेतला, आणि कार्यक्रमाच्या मध्यभागी क्लॅप्टनला स्वतःची काही गीते गाऊ देऊन गळ्याच्या विसाव्याची तजवीज करून ठेवली. ‘समथिंग’ या वेळी लोकांना पाठ होते तसेच गायिले. शब्द बदलण्याची खोड ‘टॅक्समन’मध्ये तेवढी उरली होती, तेथे जुन्या राजकारण्यांच्या जागी नव्यांची वर्णी लागली, पण करवसुलीवरच्या गाण्यात नावे बदलली म्हणून कोणी तक्रार केल्याचे माझ्या वाचनात नाही.