वाळू आणि वंगण

घर्षणासारखी अकारण बदनाम झालेली गोष्ट दुसरी क्वचितच असेल. दोन भावांत वाटणीवरून कुरबूर झाली कीं आपण घर्षण झालें म्हणतों. सभेंत दोन पक्ष एकमेकांवर तुटून पडले कीं वर्तमानपत्रांना तोच शब्द आठवतो. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतही घर्षणाची पहिली ओळख होते ती विरोधक म्हणून. गति देणारें तें बल आणि गतीच्या आड येणारें तें घर्षण, ही विभागणी पुण्याच्या महाविद्यालयांत मी पंचवीस वर्षें शिकवीत आलों आहें. ती चुकीची नाहीं. पण लहान मुलांपुढें ती फार वेळ टिकत नाहीं.

गेलीं चार वर्षें दर शनिवारीं सकाळीं मी लोणावळ्याजवळच्या एका वाडीवरील प्राथमिक शाळेंत जातों. मुलें चौदा, तींही तिसरी-चौथीचीं. तेथें व्याख्येनें आरंभ करून भागत नाहीं. ‘घर्षण कोठें असतें?’ असें मीं विचारतांच एका मुलानें क्षणाचाही विलंब न लावतां उत्तर दिलें, ‘पायांत!’ भातलावणीच्या दिवसांत शेवाळलेल्या बांधावरून जो रोज शाळेस येतो, त्याला अंगठा रोवून पाऊल धरण्याची विद्या कोणी शिकवावी लागत नाहीं. ‘दोन पृष्ठभागांमध्यें’ हें पुस्तकी उत्तर त्याच्या उत्तराहून अधिक व्यापक आहे. अधिक खरें आहे असें मात्र मला म्हणवत नाहीं.

या मुलांच्या उशाशीं बोरघाट आहे. तेथील लोहमार्ग १८६३ सालीं सुरू झाला. सुमारें १६ मैलांच्या वाटेंत गाडी १,८०० फुटांहून अधिक उंची गांठते, आणि कांहीं ठिकाणीं ३७ फूट पुढें जावें तों १ फूट वर चढावें लागतें. म्हणून कर्जतेस गाडीच्या मागें आणखी एंजिनें जोडतात व तीं तिला लोणावळ्यापर्यंत ढकलीत आणतात. आतां पोलादी रुळावर पोलादी चाक हें जात्याच गुळगुळीत प्रकरण. सपाटीवर हाच गुण उपकारक, कारण त्यामुळेंच थोड्या जोरांत प्रचंड ओझें धांवतें. चढावर, त्यांतून पावसांत, तेंच चाक जागच्या जागीं फिरूं लागतें. यासाठीं एंजिनांत कोरडी वाळू भरलेली असते. ती नळीनें चाकापुढें रुळावर सोडतात. म्हणजे एकाच चाकाच्या आंसाला वंगण आणि कडेला वाळू! मुलें हंसलीं. एक मुलगी मात्र गंभीरपणें म्हणाली, ‘आमचा आजा पण आसाला वंगण घालतो, आन् चढाला गाडी थांबली की चाकामागं धोंडा लावतो.’ कोठें सोडावें आणि कोठें धरावें, हा सारा पाठ तिच्या आजोबांना अवगत होता.

पुढच्या शनिवारीं लोहचुंबकाचा पाठ झाला. वहींत दोन रकाने आंखले: ‘चिकटतें’ आणि ‘चिकटत नाहीं’. खिळा, टांचणी, लोखंडी पत्रा एकीकडे. लांकूड, कागद, माती दुसरीकडे. मधल्या सुटींत तीच मुलगी चुंबक घेऊन शाळेमागच्या ओढ्यावर गेली. परतली तेव्हां चुंबकाच्या दोन्ही टोंकांना बारीक काळ्या वाळूच्या मिशा फुटल्या होत्या. ‘गुरुजी, माती तर चिकटली. आता काय लिहू?’

सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं तप्त रसाच्या रूपानें भूमींतून वर आला. त्यांत लोहाच्या चुंबकीय खनिजाचे सूक्ष्म कण आहेत. पाऊस खडक झिजवितो, ओढा हलकी माती वाहून नेतो आणि जड काळे कण वळणावर मागें ठेवितो. तेच तिच्या चुंबकाला लागले होते. याच कणांनीं, तो रस थिजतांना, त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा आपल्यांत धरून ठेविली. १९५० नंतरच्या दशकांत शास्त्रज्ञांनीं ती मोजली, तेव्हां असें निष्पन्न झालें कीं, हा खडक थिजला त्या काळीं आपली भूमि विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती. देशाच्या एवढ्या प्रवासाचा साक्षीदार वहीच्या ‘चिकटत नाहीं’ या रकान्यांत निमूटपणें बसला होता!

अशा साक्षीला जाणते लोक किती मान देतात, याचें उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. मुंबईंत विजेच्या ट्राम येणार असें ठरलें, तेव्हां त्या प्रवाहानें चुंबकसूची विचलित होईल म्हणून कुलाबा वेधशाळेचें चुंबकमापनाचें काम नानाभाई मूस यांच्या देखरेखीखालीं अलिबागेस नेण्यांत आलें. १९०४ सालीं तेथें नोंदी सुरू झाल्या. त्या इमारतीच्या बांधकामांत लोखंड वर्ज्य केलें होतें. एका सूचीचा शब्द खरा राहावा म्हणून वेधशाळा समुद्रापलीकडे जाते. मग एका मुलीनें डोळ्यांनीं पाहिलेलें खरें राहावें म्हणून वहींत एक ओळ वाढूं नये काय?

शाळेच्या बाईंना हा प्रश्न इतका सोपा वाटला नाहीं, आणि त्यांचें म्हणणें हलकें नव्हतें. त्या म्हणाल्या, ‘सर, ही मुलगी शिष्यवृत्तीला बसायची आहे. पेपर तपासणारा उत्तर पाहील, ओढा पाहायला येणार नाहीं. तुम्हांला एका गुणाचें कांहीं वाटणार नाहीं. वाडीवरच्या मुलीला तो एक गुण पुढची शाळा देतो.’ त्यांच्या बोलण्याला मजपाशीं उत्तर नव्हतें. ठरीव प्रश्न आणि ठरीव उत्तर हें परीक्षेच्या गाड्याचें वंगण आहे. त्यावांचून हजारों मुलांचा गाडा हलणार नाहीं. पण त्या मुलीचा प्रश्न ही रुळावरची वाळू होती. ती झाडून टाकली तर चाक फिरत राहील, गाडी मात्र घाट चढणार नाहीं.

निकाल शेवटीं मुलीनेंच केला. तिनें वहींत तिसरा रकाना आंखला आणि त्यावर लिहिलें, ‘कधी कधी’. त्याखालीं पहिली नोंद ओढ्याच्या वाळूची. आतां तो रकाना साऱ्या वर्गाचा झाला आहे. एकानें घरच्या स्टेनलेसच्या वाट्या आणल्या. त्यांतली एक चिकटली, दुसरी चिकटली नाहीं. एकीनें आजीच्या डब्यांतून रुपयाचीं दोन नाणीं आणलीं. नवें चिकटलें, जुनें चिकटलें नाहीं. परीक्षेंत मातीसमोर काय लिहावयाचें तें बाईंनीं त्या मुलीवरच सोपविलें आहे, आणि मीही त्यांत पडलों नाहीं. येत्या शनिवारीं मात्र आम्हां सर्वांना इंद्रायणीच्या पात्रावर जावयाचें आहे. तेथली वाळू कोणत्या रकान्यांत बसते, तें पाहिल्यावांचून लिहावयाचें नाहीं असें वर्गानें ठरविलें आहे.