मोरीची जाळी आधी बघा!

मैत्रिणींनो, दिवस गौरीजेवणाचा. पुरणपोळी, कटाची आमटी, सोळा भाज्या, सगळं यथासांग झालेलं. सकाळपासून घरात २३ पानं उठलेली. आणि संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका यायच्या आत स्वयंपाकघर आवरायचं, तर आमचं भांडी धुण्याचं यंत्र पोटात तेलकट पाणी धरून, तांबडा दिवा लुकलुकवत रुसून बसलेलं! दार उघडलं तर खालच्या तळ्यात पुरणाचे कण तरंगताहेत. कंपनीला फोन लावला. ‘चार दिवसांनी माणूस येईल,’ असं गोड आवाजात उत्तर आलं. चार दिवसांनी! तोवर गौरी आपल्या घरी पोचलेल्या असणार.

त्या संध्याकाळी मला दोन गोष्टी कळल्या. एक यंत्राबद्दलची, एक माझ्याबद्दलची. दोन्ही सांगते. पण आधी थोडं मागं जायला हवं.

हे यंत्र आमच्याकडे आलं २०२० च्या दिवाळीत. टाळेबंदीत आमच्या मावशींचं येणं बंद झालं होतं. पाच माणसांची भांडी, माझे शाळेचे ऑनलाइन तास, आणि साबणाच्या पाण्यानं चिरलेले हात. ‘हप्त्यावर घेऊन टाकू,’ असं ह्यांनीच सुचवलं. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, भांडी कधी पेटीत कोंडून निघतात का?’ पण आलं एकदाचं.

तुम्हाला गंमत वाटेल, हे यंत्र काही आजकालचं खूळ नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात जोसेफिन कॉक्रेन नावाच्या बाईंनी १८८६ साली त्याचं पेटंट घेतलं, आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडलं. धुताना आपल्या किमती चिनी मातीच्या बशांचे टवके उडतात, याचा म्हणे त्यांना वैताग आला होता. तेव्हा हे यंत्र एका बाईच्याच डोक्यातून निघालेलं आहे, हे आधी लक्षात घ्या, म्हणजे त्याची भीती वाटणार नाही.

मी मात्र सुरुवातीला चुकांची माळच लावली. शाळेत मुलांना ‘आधी प्रश्न नीट वाचा’ असं दर तासाला बजावणारी मी, यंत्राबरोबर आलेलं पुस्तक काही वाचलं नाही!

पहिली चूक फेसाची. एकदा पावडर संपली, म्हणून ओट्यावरचा रोजचा पातळ साबण चमचाभर ओतला. दहा मिनिटांत दारातून फेस बाहेर, फरशीवर फेस, सासूबाईंच्या पायाशी फेस! हा साबण हातानं घासायचा, त्याला फेस येणारच. यंत्राची पावडर मुद्दाम बिनफेसाची केलेली असते. तुमच्याकडून असं झालंच, तर यंत्र बंद करा, फेस वाटीनं काढून टाका, पेलाभर व्हिनेगर आत ओता आणि साबण न घालता नुसत्या पाण्याचा धुवा एक-दोनदा चालवा.

दुसरी चूक अजून मनाला लागून आहे. सासूबाईंचं एक जर्मनचं पातेलं होतं, त्यांच्या पहिल्या संसारातलं. त्यातच त्या चहा करायच्या. मी ते उत्साहानं यंत्रात घातलं, ते काळंमिट्ट होऊन बाहेर आलं. यंत्राची पावडर जहाल असते आणि पाणी कढत. ॲल्युमिनियमला ते सोसत नाही. त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसतं पदरानं पुसून पाहिलं. मग मी त्यात पाणी आणि चिंच घालून चांगलं उकळलं. बराच काळेपणा गेला, पण मूळची चकाकी काही आली नाही. म्हणून सांगते, ॲल्युमिनियम, पितळ, तांबं, कल्हईची भांडी, लोखंडी तवा, लाकडी पोळपाट-लाटणं, विळी आणि धारेच्या सुऱ्या यांना यंत्राचा रस्ता दाखवू नका. स्टील, काच, चिनी माती मात्र खुशाल घाला.

तिसरी तक्रार तुमच्यापैकी पुष्कळांची असेल. पेल्यांवर पांढरी पुटं! आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यात उन्हाळ्यात टँकर. हे पाणी जड, म्हणजे त्यात चुन्यासारखे क्षार फार. यंत्रात पाणी मऊ करणारा एक भाग असतो. तो हे क्षार धरून ठेवतो, आणि मिठाच्या पाण्यानं तो भाग पुन्हा धुऊन ताजा होतो. म्हणून त्यात मीठ लागतं. मी सहा महिने काटकसर म्हणून जेवणातलं बारीक मीठ घातलं. ते चुकीचं. त्यात मीठ मोकळं राहावं म्हणून इतर पदार्थ घातलेले असतात, आणि ते आत साचतात. यंत्राचं जाड मीठच आणावं, आणि पाणी किती जड आहे त्याप्रमाणे यंत्रावरचा आकडा लावून घ्यावा. मीठ भरताना बाहेर सांडलं तर तसंच ठेवू नका, लगेच धुवा चालवा, नाहीतर आतल्या स्टीलला गंजाचे डाग पडतात.

पुटं नेमकी कसली, हे ओळखायची सोपी खूण आहे. पेल्यावर व्हिनेगरचा बोळा फिरवा. पांढरेपणा गेला तर क्षार. नाही गेला तर काच झिजलेली आहे, त्याला इलाज नाही. तो पेला पुढं हातानंच धुवावा.

‘भांडी स्वच्छच निघत नाहीत,’ असं म्हणाल, तर दहातल्या नऊ वेळा दोष मांडणीचा. आत पाणी उडवणारे लांब हात असतात, ते गोल फिरतात. डावाची किंवा झाऱ्याची दांडी खाली लोंबली की हात अडतो, आणि निम्मी भांडी कोरडीच राहतात. दार लावण्यापूर्वी दोन्ही हात बोटानं फिरवून बघायची सवयच लावून घ्या. वाट्या एकात एक घालू नका. पालथ्या, जराशा तिरक्या ठेवा. पावडरीच्या झाकणापुढं मोठं ताट उभं केलं की झाकण उघडतच नाही आणि पावडर तशीच्या तशी राहते. उष्टं खरवडून टाका, पण भांडी घासून आत ठेवू नका. मग यंत्र कशाला? फिरत्या हातांच्या भोकांत मोहरी, जिरं, लिंबाची बी अडकते. ती दात कोरायच्या काडीनं काढावी. आणि पावसाळ्यात पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, गठ्ठा झालेली पावडर विरघळत नाही.

भांडी ओली राहतात का? चकाकीचं औषध संपलेलं असेल, ते भरा. प्लॅस्टिकचे डबे ओलेच निघणार, कारण ते ऊब धरून ठेवत नाहीत. धुणं संपल्यावर दार थोडं उघडून ठेवा, आणि रिकामं करताना खालचा कप्पा आधी काढा, म्हणजे वरचं पाणी खालच्या कोरड्या भांड्यांवर ठिबकणार नाही.

आता वळू पुन्हा त्या गौरीच्या संध्याकाळकडे. साल २०२२. इथं मला एक कबुली द्यायची आहे.

यंत्र आल्यावर दोन-तीन महिन्यांनी मावशी पुन्हा कामावर आल्या. दहा वर्षांच्या आमच्या मावशी. माझ्या मुलीला त्यांनी कडेवर खेळवलेलं. मी त्यांना म्हटलं, ‘मावशी, भांडी आता नकोत, केर-फरशी तेवढी करा.’ आणि पगार निम्मा केला. हिशेबात चूक काहीच नव्हती, काम निम्मं, पैसे निम्मे. त्या फक्त ‘बरं’ म्हणाल्या. त्यांच्या घरी तेव्हा कमावतं दुसरं कोणी नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असलेली गोष्टसुद्धा माणूस कशी सोयीनं विसरतो, पाहा.

त्या संध्याकाळी त्या केर काढायला आल्या. ओट्यावर भांड्यांचा डोंगर, मी यंत्रापुढं फतकल मारून रडवेली. ‘मावशी, आजच्या दिवस एवढी घासून द्याल का?’ हे वाक्य ओठावर आलं आणि तिथंच अडलं. कोणत्या तोंडानं विचारू?

त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली, वाकून आत पाहिलं आणि म्हणाल्या, ‘ताई, मोरी तुंबली तर आपण आधी काय बघतो? जाळी. ह्याला जाळी नाही का?’

जाळी होती की! वरची चपटी जाळी मी अधूनमधून पुसतही होते. पण तिच्या मधला उभा गाळणीसारखा डबा फिरवून बाहेर निघतो, हे मी दोन वर्षांत पाहिलंच नव्हतं. मग आम्ही दोघींनी काय केलं, ते क्रमानं सांगते, कारण पाणी तुंबलं तर तुम्हालाही हेच करायचं आहे.

आधी बटण बंद करून प्लग काढला. साचलेलं पाणी वाटीनं आणि स्पंजनं उपसलं. डबा फिरवून काढला. आत शेवग्याचे दोरे, कढीपत्त्याच्या काड्या आणि, काय सांगू, हळदीकुंकवाच्या वाणात आलेल्या नव्या वाटीवरचं कागदी लेबल, चिकटून बसलेलं! त्याखालच्या खळग्यात बोटं घालण्याआधी चमच्यानं चाचपलं, कारण फुटक्या काचेचा तुकडा असू शकतो. तिथं एक लवंग निघाली. डबा जुन्या दात घासायच्या ब्रशनं गरम पाण्यात धुतला. यंत्रामागची पाण्याची नळी पिळवटली नाही ना, आणि ती सिंकखाली जिथं जोडलेली आहे तिथं गाळ नाही ना, तेही पाहिलं. डबा परत घालून घट्ट फिरवला. हा डबा नीट बसल्याशिवाय यंत्र कधीही चालवू नका, नाहीतर खरकटं थेट पंपात जातं. प्लग लावला, बटण दाबलं. यंत्र एकदा गुरगुरलं आणि पाणी सरसर निघून गेलं!

मावशी हसल्या. ‘मोरीच ती, फक्त दार लावलेली,’ म्हणाल्या.

आणखी थोडं. यंत्रात पाणीच येत नसेल, तर आधी नळ उघडा आहे का बघा. नंतर नळ बंद करून आत येणारी नळी सोडवा. तिच्या तोंडाशी बारीक जाळी असते, टँकरच्या पाण्याची माती तिथं बसते. वास येत असेल तर जाळी आठवड्याला धुवा, दाराच्या कडांचं रबर पुसा, आणि महिन्यातून एकदा लिंबूसत्त्व घालून रिकामंच यंत्र कढत पाण्यावर चालवा. जळका वास येत असेल, विजेचा खटका पुन्हा पुन्हा पडत असेल, खाली पाणी झिरपत असेल किंवा पाणी तापतच नसेल, तर मात्र आपली हुशारी आवरा आणि माणूस बोलवा.

त्या रात्री बायका गेल्यावर मी हिशेबाची वही काढली. पावडर, मीठ, चकाकीचं औषध यांची महिन्याची बेरीज केली. मावशींच्या पगारातून मी जे कापलं होतं, त्याहून ती फारशी कमी नव्हती! हे सारं मी कुरकूर न करता देत होते. घासाघीस केली ती फक्त माणसाशी.

दुसऱ्या दिवशी ह्यांच्याशी बोलले आणि मावशींचा पगार पूर्ववत केला. वर त्या दोन वर्षांत न दिलेली वाढही दिली. आता मोठी पातेली, कढया आणि सासूबाईंचं ते जर्मनचं भांडं मावशी घासतात, भाजी निवडून देतात. बाकीचं यंत्र करतं. उपकार केले असं म्हणू नका हं. दोन वर्षं उशिरा केलेला हिशेब आहे तो. मावशी त्यावरही ‘बरं’ एवढंच म्हणाल्या, आणि माझी मान खालीच राहिली.

कंपनीचा माणूस चार दिवसांनी आला. म्हणाला, ‘काहीच बिघाड नाही, बाई. कोणी दुरुस्त केलं?’ मी मावशींकडे बोट दाखवलं. त्या मोरीत होत्या, जाळी साफ करत.