चीं... चीं... आणि पसरणीचा घाट

वीकएण्ड महाबळेश्वरचा, गाडी बाबांची, ब्रेक नवेकोरे... आणि तरीही पुण्यापासून वाईपर्यंत गाडी नुसती किंचाळत होती! घाट चढण्याआधी त्या आवाजाचा पत्ता शोधला, त्याची ही गोष्ट.

शनिवार, सकाळचे साडेसहा. जानेवारीतली कडक थंडी, डिकीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, मागच्या सीटवर आई-बाबा. प्लॅन एकदम सिम्पल. कोथरूड ते महाबळेश्वर, दोन दिवस आराम आणि पोटभर स्ट्रॉबेरी. आदल्या संध्याकाळीच पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेकपॅड बदलून घेतले होते. घाटात जायचं तर ब्रेक टकाटक हवेत, हा बाबांचा फंडा!

सोसायटीच्या गेटवर पहिला ब्रेक दाबला आणि... चींऽऽऽ! वॉचमनची झोपच उडाली.

"हे काय?" बाबा.

"नवीन पॅड आहेत, थोडे वाजणारच," मी ठोकून दिलं. हे ज्ञान माझं नव्हतं. गाडी ताब्यात देताना गॅरेजवाल्याने सांगितलेलं, दोन दिवस वाजेल मग बसेल. बाबा काही बोलले नाहीत. पण मी गाडी चालवत असताना ते कधी मागे टेकून बसत नाहीत. आज तर दोन्ही हात पुढच्या सीटवर!

बायपासला लागलो. नवले पुलापासून कात्रजच्या नव्या बोगद्यापर्यंत चढ आहे, त्यामुळे ब्रेकला काम नाही. गंमत बोगद्यात झाली. सहज म्हणून काच खाली केली, तर भिंतीवर आपटून परत येणारा भलताच आवाज ऐकू आला. खर्र... खर्र... खर्र... तालात, चाकाच्या वेगाबरोबर कमीजास्त होणारा. आणि माझा पाय तर ब्रेकवर नव्हताच!

म्हणजे आवाज एक नव्हता, दोन होते. ब्रेक दाबल्यावर किंचाळणारा एक आणि ब्रेक सोडलेला असतानाही घासणारा दुसरा. पहिल्याला 'नवीन आहे, बसेल' म्हणता येतं. दुसऱ्याला काय म्हणायचं?

शिरवळ गेलं, खंबाटकी घाट चढून उतरला, सुरूर फाट्याला वाईकडे वळलो. आता रस्ता मस्त होता. दोन्ही बाजूंना ऊस, समोर पांडवगड, आणि माझं सगळं लक्ष डाव्या चाकात! वाईत शिरताना चहाच्या टपरीशी थांबलो. उतरल्या उतरल्या आईने नाक मुरडलं. "काहीतरी करपल्याचा वास येतोय गं."

तिला वाटलं टपरीवाल्याचं दूध लागलं. वास आपल्याच गाडीचा होता. हाताची मागची बाजू उजव्या चाकाजवळ नेली, कोमट. डाव्या चाकाजवळ नेली आणि झटकन मागे घेतली. तव्याजवळ हात नेल्यासारखी धग!

समोर पसरणीचा घाट दिसत होता. वाई ते पाचगणी जेमतेम १२-१३ किलोमीटर, पण वळणं पोटात गोळा आणणारी. चढून जाणं सोपं. रविवारी तोच घाट उतरायचा होता, मागच्या सीटवर या दोघांना घेऊन. पाचगणीची ट्रिप इथेच संपली तरी चालेल, पण हे चाक घेऊन वर जायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

टपरीवाल्यानेच पत्ता दिला. चिंचेच्या झाडाखाली एक पत्र्याची शेड, एक जॅक, दोन स्टूल आणि साठीचे एक मिस्त्रीकाका. त्यांनी आधी बाबांकडे बघितलं. "बोला साहेब."

"गाडी ती चालवते. तिला विचारा," बाबा म्हणाले.

काका माझ्याकडे वळले. "ताई, आवाज कवा येतो? बिरेक दाबल्यावर का सोडल्यावर?"

"दोन्ही."

"दोन्ही आवाज सारखेच का येगळे?"

वेगळे आहेत म्हटल्यावर स्वारी खूश झाली. मग प्रश्नांची फैरीच. गाडी एका बाजूला ओढती का? पेडल मऊ लागतं का? वळताना आवाज बदलतो का? रिव्हर्सला येतो का? कुठलंही हत्यार हातात न घेता पाच मिनिटं नुसते प्रश्न! मग शेजारी बसून अर्धा किलोमीटर चक्कर, तीही काचा खाली आणि रेडिओ बंद करून. आपण शहरात गाडी देऊन चावी ठेवून निघून येतो ना, त्यात ही अर्धी तपासणी हुकते, बॉस. आवाज ऐकलेला असतो आपण आणि कामाला हात लावतो तो, ज्याने आवाज ऐकलेलाच नाही.

चाकं थोडी निवल्यावर गाडी जॅकवर चढली. काकांनी उजवं चाक हाताने फिरवलं, ते सुळकन फिरलं. डावं फिरवलं, तर पाव फेरीत जाम! चाक काढलं आणि एकेक आरोपी बाहेर येऊ लागला.

आरोपी नंबर एक, डिस्कच्या मागचा पातळ पत्रा. धूळ-चिखल अडवायला असतो तो. पॅड बदलताना पाना लागून वाकला होता आणि डिस्कला टेकत होता. बोगद्यातली खर्र खर्र ती हीच. काकांनी अंगठ्याने दाबून सरळ केला, खेळ खलास.

आरोपी नंबर दोन, कॅलिपरच्या पिना. पॅड डिस्कवर आवळणारा कॅलिपर या पिनांवर सरकतो. डावीकडची एक पीन कोरडी ठाक, जुनं ग्रीस वाळून कडक झालेलं. त्यामुळे ब्रेक सोडला तरी पॅड पूर्ण सुटत नव्हता. पुण्यापासून वाईपर्यंत जवळजवळ ९० किलोमीटर आम्ही थोडा ब्रेक दाबूनच आलो होतो म्हणा ना! आणि खरा धोका हाच. आवाज नुसता कान खातो, उष्णता ब्रेकच खाते. डॉट ३ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. हवेतली ओल शोषलेल्या ऑइलसाठी तीच अट १४० अंशांवर येते. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, पाय पेडलवर, पेडल तळाला आणि गाडी आपली पळतेच आहे! हे पसरणीच्या वळणावर झालं असतं तर? विचार पुढे नेला नाही.

आरोपी नंबर तीन, खुद्द किंचाळी. ओलं बोट काचेच्या ग्लासच्या कडेवरून फिरवलं की ग्लास गातो, तसंच इथे. पॅड आणि डिस्क घासताना थरथरतात आणि ती थरथर कानाला 'चीं' अशी लागते. ती मारायला पॅडच्या पाठीवर एक पातळ पत्री असते. आमच्या नव्या पॅडवर ती नव्हतीच!

"जुन्या पॅडवरची काढून लावायला हवी होती. आता इथं कुठं मिळणार?" काका डोकं खाजवत म्हणाले.

तेवढ्यात बाबा उठले, डिकी उघडली आणि वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी काढली. जुने पॅड! गॅरेजमधून बदललेला प्रत्येक पार्ट परत मागून आणायचा, ही बाबांची सवय. त्यावरून मी त्यांना किती वर्षं चिडवत आलेय. चारही पत्र्या जागेवर होत्या. काकांनी साफ केल्या, ग्रीसचं बोट लावलं आणि नव्या पॅडवर चढवल्या. बाबांनी माझ्याकडे फक्त बघितलं. पुरे होतं तेवढं.

तोवर आई ढोल्या गणपतीचं दर्शन घेऊन आली. रास्त्यांनी बांधलेलं ते कृष्णाकाठचं देऊळ. पुराचं पाणी फाकावं म्हणून त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची केलेली आहे. मग आम्ही रिक्षाने मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यापर्यंत जाऊन आलो. 'स्वदेस'मधला (२००४) घाट तो हाच. तिथे वसईच्या मोहिमेतून आणलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. एकेक आवाज जपण्यासाठी असतो, एकेक घालवण्यासाठी!

परत आलो तेव्हा दोन्ही चाकं सुळसुळत होती. काकांनी ३०० रुपये घेतले आणि वर दम भरला. "लगीच घाटात घालू नका. सुरूरकडं जावा, मोकळ्या रस्त्यावर साठवरनं वीसपर्यंत दहा डाव हळूहळू बिरेक मारा. मधी थंड होऊ द्या. मग पॅड बसतील."

बसले. पसरणी चढताना खाली धोमचं पाणी चमकत होतं. मॅप्रोला थांबलो, स्ट्रॉबेरी खाल्ली, टेबललॅण्डवर सूर्यास्त बघितला.

रविवारी उतरताना मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली आणि काच मुद्दाम खाली केली. चीं नाही, खर्र नाही. निम्मा घाट उतरल्यावर मागून एक संथ आवाज यायला लागला. आरशात बघितलं, तर बाबा मान टाकून चक्क घोरत होते!

तो आवाज मात्र मी पुण्यापर्यंत तसाच राहू दिला.

ब्रेक वाजतोय? आधी हे बघा!

• सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला किंवा गाडी धुतल्यावर आवाज आला आणि गेला : डिस्कवरचा हलका गंज. टेन्शन नको.
• ब्रेक दाबल्यावर बारीक किंचाळी : पत्र्या, क्लिपा, ग्रीस तपासून घ्या.
• ब्रेक न दाबताही घासल्याचा आवाज : वाकलेला पत्रा, अडकलेला खडा किंवा सुटत नसलेला पॅड.
• धातूवर धातू खरवडल्याचा आवाज, करपट वास, एकच चाक गरम, एका बाजूला ओढ किंवा मऊ पेडल : गाडी जागेवर थांबवा आणि मेकॅनिकला तिथेच बोलवा.
• घाट उतरताना गाडी कधीही न्यूट्रलवर किंवा बंद करून सोडू नका. ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा.