घोड्यांसह तीन मुक्काम

अड्याळास घोडें दृष्टीस पडतें तें बहुधा नवरदेवाखालीं. एरवीं आमचा हा मुलूख बैलांचा, रेड्यांचा, धानाच्या बांध्यांचा आणि कोहळी लोकांनीं पिढ्यान्पिढ्या खपून बांधलेल्या तलावांचा आहे. त्यांत घोड्यास फारसें काम नाहीं. म्हणून गेल्या वर्षीं नाताळच्या सुटीपूर्वीं नववीचीं आठ मुलें आमच्याकडे येऊन "सर, यंदाचें शिबिर घोड्यांसह करूं या," असें म्हणालीं, तेव्हां आम्हांस प्रथम हंसूंच आलें. त्यांतील एकानें ऑस्ट्रेलियांतील एका लांबलचक वाटेची माहिती कोठूनशी मिळविली होती. ही वाट १९८८ सालीं खुली झाली. कुकटाऊनपासून हील्सव्हिलपर्यंत तिची लांबी ५,३३० किलोमीटर असून घोड्यावर बसून ती आक्रमणारे लोक जागोजाग तळ देत पुढें जातात. अमेरिकेंतील राष्ट्रीय वनांत तर कित्येक ठिकाणीं घोडेस्वारांसाठीं निराळे तळ राखलेले आहेत व तेथें घोडीं बांधण्यास कठडे असतात. "आपल्याकडे असें कांहींच नव्हतें का, सर?" असा त्या मुलाचा प्रश्न होता.

इतिहासाच्या शिक्षकास हा प्रश्न सोसणें कठीण. नव्हतें कसें? ज्या फौजांच्या मोहिमा आम्ही वर्षानुवर्षें शिकवीत आलों त्यांचें निम्में आयुष्य घोड्यांच्या तळावरच गेलें. स्वतःचें घोडें घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, आणि सरकारच्या पागेंतील घोड्यावर बसणारा तो बारगीर, हें आम्ही मुलांकडून पाठ करून घेतों. १७४२ सालीं नागपूरकर भोसल्यांचे स्वार बंगाल्यांत शिरले तेव्हां याच बारगिरांचें तिकडे 'बर्गी' झालें, व त्यांच्या नांवाचें भय घालून तिकडील आया मुलांस निजवूं लागल्या. फौजा गेल्या, तरी घोड्यासह मुक्काम करणारे लोक महाराष्ट्रांतून गेले नाहींत. दख्खनचे मेंढपाळ धनगर पावसाळा संपला कीं मेंढरें घेऊन निघतात, तेव्हां त्यांचें सारें बिऱ्हाड, भांडीं, घोंगड्या, कोंबड्या, प्रसंगीं तान्हें मूलसुद्धां, तट्टाच्या पाठीवर असतें. मराठ्यांच्या स्वाऱ्यांत नांवाजलेलें भीमथडीचें तट्टू आज टिकून आहे तें मुख्यत्वें या लोकांमुळेंच. अलीकडे त्याची स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारीं नोंदहि झाली आहे.

हें सर्व आम्हीं मुलांस सांगितलें, आणि सांगतां सांगतां आमच्याच बोलण्यानें आम्हांस भूल पडली. शिबिराचें ठरलें.

गांवांत वरातीसाठीं घोडीं ठेवणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांस सारे काका म्हणतात. त्यांच्याकडे एक पांढरी घोडी व एक तांबूस रंगाचें तट्टू आहे. पौषांत लग्नें होत नसल्यामुळें तीं दोन्हीं त्या वेळीं रिकामीं होतीं. काकांनीं आमचें म्हणणें ऐकून घेतलें, मुलांकडे एकवार पाहिलें आणि दोनच अटी घातल्या: एका वेळीं एकानेंच बसावयाचें, आणि "घोड्याले पयले पानी, मंग मानसाले." आम्हीं दोन्ही मान्य केल्या. मान्य करण्यास काय लागतें?

बेत असा होता कीं अड्याळहून निघून डांबरी रस्ता टाळीत पांदणींनीं व गाडीवाटांनीं पवनीकडे जावयाचें, आणि वाटेंत दोन व पवनीस एक असे तीन मुक्काम करावयाचे. अंतर मोठें नाहीं. पण पायीं चालणारीं मुलें व पाळीपाळीनें बसणारा स्वार यांस तेवढें पुरे. या बाजूस उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य जवळ आहे. वाघाच्या मुलखांत घोडें मेखेस बांधून निजणें म्हणजे त्यास जेवणाचें आमंत्रण देणेंच होय. तेव्हां रान टाळून गांवालगतच्या तलावांच्या पाळीखालीं, गांवकऱ्यांस विचारून, तळ द्यावयाचा असें ठरलें.

पहिल्या मुक्कामास पोंचलों तेव्हां मुलें दमून जमिनीवर पसरलीं. काका मात्र बसले नाहींत. त्यांनीं प्रथम तंग सैल केला. पाठ तापलेली असतां खोगीर एकदम उतरीत नाहींत. मग दोन्हीं घोडीं हळूहळू फिरविलीं, बादलीनें पाणी दाखविलें, खूर उचलून त्यांतील खडे काढले, खरारा केला आणि मग मेखा ठोकल्या. पुढचा दोर ती आगाडी व मागच्या पायांचा तो पिछाडी, हें आम्हांस शब्दकोशांतून ठाऊक होतें. पण दोन घोड्यांमध्यें किती अंतर ठेवावें म्हणजे एकाची लाथ दुसऱ्यास पोंचत नाहीं, दोर किती आंखूड असावा म्हणजे त्यांत पाय गुंतत नाहीं, हें कोणत्याच कोशांत नाहीं. सुमारें अडीचशें किलो वजनाच्या तट्टास दिवसाकाठीं पांच किलो सुका चारा व पंधरा-वीस लिटर पाणी लागतें. हिशेब सोपा दिसतो. परंतु तें पाणी तलावापासून तळापर्यंत बादलीनें वाहूं लागलें म्हणजे आंकड्यांस वजन असतें हें खांद्यास कळतें. धानाच्या मुलखांत चाऱ्याचीहि पंचाईतच. तणीस हवी तितकी मिळते, पण तिच्यावर बैल जगतो, घोडें वाळतें. काकांनीं गवताचे भारे व हरभऱ्याची थैली घरूनच आणली होती. जुन्या भाषेंत घोड्याच्या रोजच्या दाण्यास चंदी म्हणत. ती चंदी एका जुन्या पत्र्याच्या डब्यानें मोजून, भिजवून, तोबऱ्यांत घालून त्यांच्या तोंडांस बांधली, आणि तीं दोन जनावरें अंधारांत करकर चावूं लागलीं, तेव्हां कोठें काकांनीं बिडी पेटविली. तीहि गवतापासून बरीच दूर जाऊन.

त्या रात्रीं शेकोटीपाशीं आम्हीं मुलांस स्टीफन हिस्लॉप यांची हकीकत सांगितली. आमच्या भागांतील मिशनशाळांचा उगम ज्यांच्यापासून, ते हे स्कॉटिश गृहस्थ १८४५ सालीं नागपुरास आले. धर्मोपदेश व शाळा यांबरोबरच या प्रांतांतील दगड, जीवाश्म व आदिवासींच्या भाषा यांचा त्यांनीं अभ्यास केला. हिवाळ्यांतील त्यांच्या फेऱ्यांस तंबू व घोडें हीं सोबत असत. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळें पाहून बोरीच्या तळाकडे ते एकटे घोड्यावरून परतत होते. वाटेंतील ओढ्यास पूर आला होता. त्यांत ते बुडाले. तळावर घोडें आलें तें स्वारावांचून, आणि तेव्हां शोध सुरू झाला. वय शेहेचाळिसाच्या आंत, म्हणजे आज आमचें आहे जवळजवळ तितकें.

"घोड्याले वाट कशी माहीत?" असें एका मुलानें विचारलें. काका अंधारांतून म्हणाले, "जिथं दाना खाल्ला तो त्याचा घर."

दुसऱ्या दिवशीं दुपारीं काकांस निरोप आला. नात्यांत कोणी वारलें होतें; त्यांस जाणें भाग होतें. जातांना त्यांनीं तो पत्र्याचा डबा आमच्या हातीं दिला. "गुरुजी, सांजच्याले एक डबा, सकाळी एक डबा. बाकी गवत. दुसरं काही नाही." आम्हीं मान डोलाविली.

आतां जें सांगावयाचें तें सांगतांना आम्हांस अजूनहि संकोच वाटतो. पण मुलांचे पालक हें वाचतील, आणि शिबिरांत काय घडलें तें त्यांस आमच्याकडूनच कळावें हें बरें. दुसऱ्या तळाशेजारीं एका शेतकऱ्याचें खळें होतें. त्या भल्या माणसानें कौतुकानें टोपलीभर नवें धान मुलांपुढें केलें. एक मुलगा आमच्याकडे आला व "सर, घोडीला थोडें देऊं का?" म्हणून विचारता झाला. आम्ही त्या वेळीं पाळीवर बसून हिस्लॉपविषयींचें एक टिपण वाचीत होतों. मान वर न करतां आम्ही म्हणालों, "दे, थोडें दे." त्याच्या थोड्यामध्यें त्याची सगळी माया होती. टोपली रिकामी झाली.

रात्रीं अकराच्या सुमारास घोडीनें जमीन उकरण्यास आरंभ केला. ती वारंवार मान वळवून आपल्या कुशीकडे पाही. मग बसली, लोळली, उठली, पुन्हां लोळली. अंगाला घाम सुटला होता, आणि थंडी तर अशी कीं मुलें घोंगड्यांत कुडकुडत होतीं. घोड्याचें पोट लहान; त्यास थोडें थोडें व पुष्कळ वेळां खावयास हवें. शिवाय घोड्यास वांती होत नाहीं. आंत गेलें तें वरच्या वाटेनें परत येत नाहीं, म्हणून मनुष्यास किंवा कुत्र्यास जें दुखणें एका ओकारीनें उतरतें तेंच घोड्याच्या जिवावर बेततें. हें आम्हांस ठाऊक होतें. प्राणिशास्त्राच्या तासाला बदलीवर गेलों असतां आम्हीं तें एकदां शिकविलेंहि होतें!

काकांस फोन लावला. पलीकडे रडण्याचे आवाज येत होते. त्यांनीं रागाचा एक शब्दहि काढला नाहीं. "उभी ठेवा. फिरवत राहा. लोळू देऊ नका. समोरचा चारा काढा." पशुवैद्यांसहि फोन केला, ते दूरच्या गांवीं एका गाईच्या अडलेल्या वेतास गेले होते, आणि तेथून सुटतांच येतों म्हणाले. मग मुलांच्या पाळ्या लावल्या. दोघांनीं दोर धरावयाचा, एकानें कंदील, आणि पाळीवरून इकडून तिकडे, तिकडून इकडे घोडीस चालवावयाचें. धान घालणाऱ्या मुलानें आपली पाळी संपल्यावर दोर सोडलाच नाहीं. आम्हीं त्यास सांगितलें, "चूक आमची आहे, तुझी नाहीं." त्यानें तें ऐकलें कीं नाहीं कोण जाणे. त्या रात्रीं प्रार्थना करण्यास कोणास सांगावें लागलें नाहीं. ज्याला जी येत होती ती तो मनांत म्हणत होता.

पहांटे तीनच्या सुमारास पशुवैद्य आले. त्यांनीं कळ थांबविणारी सुई टोंचली, नाकांतून नळी थेट पोटांत घातली व तिच्यावाटे औषधी तेल सोडलें. "आतां चालवा आणि वाट पाहा," एवढेंच ते बोलले, आणि तेहि थांबले. तांबडें फुटतां फुटतां घोडीनें लीद टाकली. वाचकहो, लीद पाहून इतका आनंद झालेला मनुष्य तुम्हीं पाहिला नसेल. आम्हीं त्या दिवशीं दहा पाहिले, व त्यांत डॉक्टरसाहेबहि होते.

सकाळच्या एसटीनें काका आले. रात्रभर ते मृताच्या घरीं जागे होते. त्यांनीं घोडीच्या हिरड्या पाहिल्या, कानांचीं मुळें चाचपलीं, पोटाला कान लावला. मग आमच्याकडे वळून "किती धान?" एवढेंच विचारलें. आम्हीं रिकामी टोपली दाखविली. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. संक्रांतीनंतर त्यांच्या घोडीस सात लग्नांची बोली झालेली होती, हें आम्हांस नंतर इतरांकडून कळलें. त्यांनीं तें सांगितलें नाहीं. पुढें त्या मुलास हांक मारली व डबा त्याच्या हातीं दिला. "उद्यापासून तू मोजशील," असें ते त्यास म्हणाले. आमच्या हातीं नव्हे.

चिपळूणच्या तळावरील अंमलदारांस शिवाजी महाराजांनीं राज्याभिषेकाच्या सुमारास, म्हणजे १६७४ च्या अलीकडेपलीकडे, धाडलेलें एक पत्र आम्ही गेलीं वीस वर्षें वर्गांत शिकवीत आहों. रयतेच्या भाजीच्या देठासहि हात लावूं नका अशा अर्थाची ताकीद त्यांत आहे, म्हणून आम्ही त्याचा मथळा 'रयतेवरील प्रेम' असा देतों आणि पुढें जातों. पाळीवर त्या सकाळीं चहा घेतां घेतां तें पत्र आम्हांस जणूं प्रथमच समजलें. तें मुळांत घोड्यांच्या तळाचें पत्र आहे. पावसाळ्यासाठीं सांठविलेला दाणा व गवत आतांच मन मानेल तसें खर्चाल, तर पुढें घोडीं उपाशीं मरतील, आणि तीं तुम्हींच मारलीं असें होईल. मग तुमचे लोक कुणब्यांच्या घरांत शिरतील. चुली व दिवे संभाळा, नाहीं तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गंज्या पेटतील. ज्या राजाच्या डोक्यावर छत्र धरावयाचें घाटत होतें तो उंदराची व वातीची काळजी करीत होता. वीस वर्षांत हें आम्हीं एकाहि वर्गास सांगितलें नव्हतें. भाजीच्या देठापाशीं पोंचण्यापूर्वीं तें पत्र मोजलेल्या दाण्यापाशीं बराच वेळ थांबतें, इकडे आमचें लक्षच नव्हतें.

तिसऱ्या दिवशीं कोणीहि घोड्यावर बसलें नाहीं. काकांनीं मनाई केली होती, पण ती करावी लागली नसती. सारीं पायींच पवनीस पोंचलों. वैनगंगेच्या कांठीं घोडीनें प्रथम पाणी हुंगलें, मग नाकपुड्या बुडवून पुष्कळ प्यायली. मुलें आपल्या बाटल्या हातांत धरून तिचें संपेपर्यंत उभीं होतीं. रात्रीं डबा काठाशीं सारखा करतांना त्या मुलानें वर आलेले चार दाणे परत थैलींत टाकले. डॉक्टरांची फी काकांस देऊं न देतां आम्हीं दिली. त्याबद्दल मात्र त्यांनीं थोडी हुज्जत घातली.

संक्रांतीनंतर एके संध्याकाळीं अड्याळच्या रस्त्यानें एक वरात चालली होती. झूल, कलगी, आरसे यांनीं मढलेली ती पांढरी घोडी आम्हीं लगेच ओळखली. तो मुलगा आमच्या शेजारींच येऊन उभा राहिला. बँड कर्कश वाजत होता, सारे लोक नवरदेवाकडे पाहत होते, आणि तो घोडीच्या कुशीकडे पाहत होता.