अस्सल आणि भरवशाचा: जुन्या जीपचा गिअरबॉक्स कसा वाचावा

१/ जुन्या जीपसाठी ‘रिबिल्ट’, म्हणजे पूर्ण खोलून पुन्हा बांधलेला, गिअरबॉक्स विकत घ्यायचा असेल तर तो पारखावा कसा? प्रश्न मिस्त्रीच्या अखत्यारीतला आहे, हे मान्य. परंतु इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात आम्हाला साधनांची चिकित्सा शिकवली जाते, आणि गेल्या पावसाळ्यापूर्वी ती मला एका लोखंडी पेटीवर वापरावी लागली. आजचा धागा त्याविषयी. थोडा दीर्घ आहे.

२/ प्रथम पार्श्वभूमी. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने हलक्या, चारही चाकांना ओढ मिळणाऱ्या टेहळणी गाडीसाठी निविदा मागवल्या. पहिला नमुना बँटम कंपनीने दिला. १९४१ मध्ये मोठे कंत्राट विलीजला मिळाले आणि पुढे फोर्डनेही तीच गाडी बांधली. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपा तयार झाल्या. त्यांच्या पोटातला तीन गिअरचा गिअरबॉक्स मात्र विलीजचा नव्हता. तो इंडियाना राज्यातील मन्सी येथील वॉर्नर गिअर या कारखान्याचा होता. त्याचे नाव टी-८४.

३/ १९४५ मध्ये विलीजने सीजे-२ए ही नागरी जीप बाजारात आणली. शेतीची कामे डोळ्यांसमोर होती, म्हणून तिला त्याच घराण्यातला अधिक दणकट टी-९० बसवला. त्याच वर्षी महिंद्रा अँड मोहम्मद ही पोलादाच्या व्यापाराची कंपनी स्थापन झाली. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. विलीजच्या जीपांची जोडणी तिने येथे सुरू केली. पुढे सीजे-३बी हे मॉडेल भारतात अनेक दशके बनत राहिले.

४/ नंतरच्या डिझेल जीपांत चार गिअरचा केएमटी-९० आणि पाच गिअरचा, प्यूजो घराण्यातला बीए-१० आला. त्यामुळे आज एकाच घडणीच्या बॉनेटखाली यांपैकी कोणतीही पेटी असू शकते. जीपा अनेकदा उघडल्या गेल्या, एकीचे भाग दुसरीत गेले. गाडीच्या नोंदणी पुस्तकात इंजिनचा आणि चासीचा क्रमांक असतो. गिअरबॉक्सला तेथे जागा नाही. त्याची वंशावळ त्याच्याच अंगावर शोधावी लागते.

५/ माझे मामा भोरकडचे. त्यांची जीप जुनी सीजे-३बी आहे. वरच्या वाडीवरून खाली रस्त्यापर्यंत माणसे, खताची पोती, कधी आजारी मनुष्य, सारे तीच वाहते. अलीकडे तीव्र उतारावर दुसरा गिअर आपोआप सुटू लागला होता. उतारावर गाडी ब्रेकइतकीच इंजिनच्या रोधावर पेलली जाते. गिअर सुटला की तो रोध क्षणात नाहीसा होतो आणि भरलेल्या जीपचे वजन जुन्या ड्रम ब्रेकवर येते. मामी त्या गाडीत बसेनाशा झाल्या होत्या.

६/ एका सुट्या भागांच्या दुकानात रिबिल्ट टी-९० असल्याचे कळले. मामा मला म्हणाले, “तुला मोडी वाचता येतं ना? मग हेही वाच.” त्यांच्या बोलण्यात थट्टा होती, पण माझ्यासाठी ती पद्धतीची आठवण ठरली. आम्हाला साधनाचे दोन प्रकारे परीक्षण करण्यास शिकवतात. बहिरंग परीक्षण विचारते: हे साधन जे म्हणवते तेच आहे काय? अंतरंग परीक्षण विचारते: ते सांगते त्यावर विश्वास ठेवावा काय? हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पुढचे सारे या फरकावर उभे आहे.

७/ बहिरंग. पेटीच्या बिडाच्या कवचावर ओतकामातच उमटलेली अक्षरे असतात. डिझेलने किटण धुऊन, तारेच्या ब्रशने घासून ती वाचावीत. ताजा रंग फासलेला असेल तर आधी तो खरवडावा. आमच्या पेटीवर टी-९० ही खूण स्वच्छ होती. पण कवच फक्त कवचाविषयी साक्ष देते. पोथीचे वेष्टन जुने आहे म्हणून आतली पाने त्याच पोथीची ठरत नाहीत.

८/ म्हणून दुसरी साक्ष घ्यावी. ट्रान्सफर केस वेगळा केलेला असेल तर पेटी न उघडता ही परीक्षा होते. पहिला गिअर टाकून मागचा दांडा बरोबर दहा वेळा फिरवावा आणि पुढच्या, इंजिनकडील दांड्याचे फेरे मोजावेत. टी-९० मध्ये पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.७९८ आहे, म्हणजे जवळजवळ २८ फेरे. टी-८४ मध्ये ते २.६६५, म्हणजे २७ हूनही कमी. दांड्यावर खडूची रेघ ओढली की हा फरक डोळ्यांना दिसतो. दुसऱ्या गिअरवर ही परीक्षा घेऊ नये. तेथे गुणोत्तरे १.५५१ आणि १.५६४ आहेत; दोघांविषयी एकच सांगणारा साक्षीदार निरुपयोगी.

९/ आमचे फेरे २८ च्या जवळ भरले. दुकानदार म्हणाले, “सांगितलं ना ताई, ओरिजिनल माल आहे.” ते खरेच बोलत होते. येथे बहिरंग परीक्षण संपले, आणि बहुतेक खरेदीही येथेच संपते.

१०/ अंतरंग. वरचे झाकण काढायला लावावे. या पेटीत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसतो. गाडी पुरती थांबण्यापूर्वी तो रेटणाऱ्यांच्या खुणा त्याच्या दातांच्या टोकांवर राहतात. दुसऱ्या-तिसऱ्याला सिंक्रोमेश असतो. अर्ल थॉम्पसन यांनी शोधलेली ही योजना १९२८ मध्ये प्रथम कॅडिलॅकमध्ये आली. पितळी रिंग दोन चाकांचा वेग जुळवते, मगच बारीक दात एकमेकांत शिरतात. गिअर सुटत असेल तर संशय या बारीक दातांवर, सरकत्या स्लीव्हवर, झिजलेल्या फोर्कवर, गिअर जागी धरणाऱ्या स्प्रिंग-गोळीवर आणि शाफ्टच्या पुढे-मागे खेळण्यावर घ्यावा.

११/ आमच्या पेटीत बेअरिंगे नवी होती, पितळी रिंगा चकाकत होत्या, गॅस्केट कोरे होते. दुसऱ्या गिअरचे बारीक दात मात्र टोकाशी गोल झाले होते. ते मूळचेच दात होते, बदललेले नव्हते. जो भाग सर्वांत अस्सल होता, नेमका तोच उतारावर दगा देणारा होता.

१२/ आपल्या इतिहासलेखनात अस्सल कागदाचे महत्त्व राजवाड्यांनी रुजवले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये आला. योगायोगाने त्याच वर्षी पॅरिसमध्ये लांग्ल्वा आणि सेन्योबो यांचा इतिहासपद्धतीवरील प्रसिद्ध ग्रंथ निघाला. बखरीपेक्षा समकालीन कागद श्रेष्ठ, हे आम्ही त्या परंपरेतून शिकलो. पण अस्सल पत्र लिहिणाराही घाबरलेला, हितसंबंधी किंवा अर्धवट माहितीचा असू शकतो. अस्सलपणा ठरला की चौकशीला आरंभ होतो.

१३/ उलट, तालीक म्हणजे बनावट नव्हे. कोणी, कशावरून, केव्हा उतरवली हे सांगणारी तालीक उत्तम साधन असते. रिबिल्ट पेटीचेही तसेच. भाग बदलले यात दोष नाही. काय बदलले हे न सांगण्यात आहे. ‘रिबिल्ट’ या एका शब्दाखाली नुसते रंग आणि गॅस्केट बदललेली पेटी विकली जाते, आणि शेवटच्या सुईबेअरिंगपर्यंत नव्याने बांधलेलीही.

१४/ म्हणून तीन मागण्या कराव्यात. बदललेल्या भागांची सही-तारखेसह यादी. काढलेले जुने भाग पिशवीत घालून सोबत. आणि बसवल्यावर, मोकळ्या गाडीने, आधी सौम्य उतारावर चाचणी. ऑइल जीएल-४ प्रतीचे घ्यावे, कारण काही जीएल-५ ऑइलमधील गंधकयुक्त घटक पितळेला बाधतात. गिअरबॉक्सची पातळी घटून ट्रान्सफर केसची वाढत असेल तर मधून ऑइल झिरपते आहे असे समजावे.

१५/ दुकानदारांनी प्रथम कुरकूर केली. मग दुसरा गिअर आणि स्लीव्ह बदलून देण्याचे कबूल केले. त्यासाठी मामांनी ठरल्यापेक्षा अधिक पैसे मोजले, आणि आठ दिवस थांबलेही. यादी मिस्त्रींनी वहीच्या पानावर लिहून दिली. ते पान आता नोंदणी पुस्तकाच्या प्लॅस्टिकमध्ये आहे. पावसाळाभर गिअर सुटला नाही. मामी मात्र उतारावर अजून कडी घट्ट धरून बसतात.

१६/ तुमच्या घरी जुनी जीप असेल तर पेटीवरची अक्षरे घासून पाहा आणि छायाचित्र येथे टाका. कोणत्या पिढीची आहे, ते मिळून वाचू. धागा समाप्त.