फिरकीचा तांब्या

लांबच्या प्रवासाला निघताना आमच्या घरात एक भांडण ठरलेलं असतं: तांब्या कुणाच्या पायाशी ठेवायचा. मुलांकडे बर्फ दिवसभर टिकवणाऱ्या बाटल्या आहेत. तरी मी आजीचा पितळी फिरकीचा तांब्या भरून घेतेच. आटे झिजल्याने त्याची फिरकी तिरकी बसते, वळणावर तो पाझरतो, आणि ज्याचे मोजे भिजतात तो माझ्या नावाने शंख करतो.

आईच्या काळात त्याचा प्रवास छोटा होता. मे महिना लागला की मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत तो चिंचेने घासला जायचा. आई तो नळावर भरायची, वरून ओलं फडकं गुंडाळायची, पिशवीत दशम्या आणि लसणाची चटणी. कसाऱ्याची लोकल, आसनगावला उतरून पुढे एस.टी., मग शहापूर तालुक्यातल्या मामाच्या गावापर्यंत पायपीट. वाटेत आम्ही अर्धा तांब्या संपवायचो, उरलेलं पाणी मामी प्यायची. गावातली विहीर तोवर तळाला गेलेली असे. बाया हंडे घेऊन टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या. मामा ओट्यावरून विचारायचा, ‘‘आलं का माहेरी?’’ मला वाटायचं, मामाचं व्याकरण कच्चं आहे. आईला ‘आलीस का’ म्हणायला नको?

मामा आईशी बोलतच नव्हता, हे कळायला मला कॉलेजात जावं लागलं. मुंबईचं तानसा धरण १८९२ सालचं, आणि ते शहापूर तालुक्यात. भातसाही त्याच तालुक्यात. ज्या अंगाएवढ्या जाड नळांच्या कडेने मी शाळेत गेले, त्यांतून मामाच्या मुलखातलं पाणी मुंबईला जात होतं, आणि आई दर उन्हाळ्यात त्यातलं दीड-दोन भांडी परत नेत होती.

अमेरिकेला येताना आईने तांब्यात गच्च गोडा मसाला भरून दिला. पुढे दोन महिने आम्ही आमटीच्या वासाचं पाणी प्यायलो.

आता आम्ही लॉस एंजेलिसच्या उत्तर टोकाला राहतो. मार्चच्या सुट्टीत पहाटे निघालो, लोन पाइनला जायचं म्हणून. ४,४२१ मीटर उंचीचं माउंट व्हिटनी त्या गावातून दिसतं. मुलांना बर्फाचे डोंगर दाखवायचे होते. मोहावीच्या वाळवंटात धाकट्याचं ‘‘अजून किती?’’ सुरू झालं. नवरा प्रत्येक वेळी ‘‘हे काय, आलंच’’ म्हणत होता. हे खोटं त्याच्या वडिलांकडून वारशाने आलेलं आहे.

जॉबोन दरीपाशी चौथीतली लेक एकदम ओरडली, ‘‘आई, तो बघ पाइप!’’ डोंगराच्या एका उतारावरून खाली येऊन दुसऱ्यावर चढणारा प्रचंड लोखंडी नळ. इथे चौथीला कॅलिफोर्नियाचा इतिहास असतो, त्यामुळे तिला सगळं पाठ होतं. १९१३ साली लॉस एंजेलिसला पाणी नेणारा हा जलमार्ग सुरू झाला, २३३ मैल लांब, कुठेही पंप नाही, पाणी आपल्या उताराने शहरापर्यंत येतं. नळाचे तुकडे बावन्न-बावन्न खेचरं जुंपून इथवर ओढत आणले. धाकट्याला फक्त खेचरं आवडली. बावन्न खेचरांना पाणी कुणी पाजलं, हा त्याचा प्रश्न मात्र लाखमोलाचा होता. उत्तर कुणाकडेच नव्हतं.

ओलांचा मागे टाकल्यावर उजव्या हाताला ओवेन्स तलाव लागतो. नकाशात निळा, डोळ्यांना पांढरट. १८७०च्या दशकात इथे चांदीच्या विटा वाहणाऱ्या आगबोटी चालत. तलावाला मिळणारी नदीच जलमार्गाने शहराकडे वळवल्यावर १९२०च्या दशकात तलाव आटला, आणि उघड्या तळावरची खारट धूळ उडून दरीतल्या माणसांच्या छातीत जाऊ लागली. ती दाबायला शहराला आता याच तळावर काही ठिकाणी पाणी सोडावं लागतं. खोऱ्यातले शेतकरी निमूट बसले नव्हते. १९२४ साली त्यांनी लोन पाइनजवळचे जलमार्गाचे दरवाजे ताब्यात घेऊन पाणी परत नदीत सोडलं, चार दिवस तिथेच ठाण मांडलं. बायकांनी तिथे स्वयंपाक मांडला होता. हे वाचल्यापासून मला त्या चुली डोळ्यांसमोर दिसतात. मामीला त्या घोळक्यात बसवायला काही कष्ट पडत नाहीत.

आम्ही गाडी थांबवली. वारा बोचरा होता. धाकटा तांब्या घेऊन उतरला आणि मी ‘अरे’ म्हणेपर्यंत फिरकी काढून त्याने तो जमिनीवर उपडा केला. सकाळी आमच्या नळावर भरलेलं पाणी. त्यातलं किती या खोऱ्यातलं आणि किती कोलोरॅडो नदीचं, कोण सांगणार? मातीने ते बघता बघता शोषलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘आलं माहेरी.’’

‘‘कोण?’’ लेकीने विचारलं. ‘‘आणि माहेर म्हणजे?’’

लोन पाइन येईपर्यंत मी समजावत होते. आईचं घर म्हटलं, तर ती म्हणाली, मग आपलं घर माझं माहेर? मी म्हटलं, आत्ता नाही, पुढे. ती म्हणाली, घर तर तेच राहणार, मग पुढे काय बदलतं? नवरा आरशातून माझी मजा बघत होता.

गावात पोचल्यावर सगळ्यांना तहान लागली. मुलांच्या बाटल्या रिकाम्या, तांब्याचं काय झालं ते सांगितलंच. पेट्रोल पंपावरच्या दुकानातून मोठी बाटली विकत घेतली. लेकीने सवयीप्रमाणे लेबल वाचलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. पाणी भरल्याचं ठिकाण: ओलांचा.

तिथून तर आम्ही अर्ध्या तासापूर्वी आलो होतो. मी बाटली तांब्यात ओतली, फिरकी तिरकी बसवली, आणि या वेळी तो स्वतःच्या पायाशी ठेवला.