नारायणगावची एक रात्र

वाचकहो, तुमच्या गावची यात्रा चैत्रात येत असेल, तर पाडव्याच्या सुमारास यात्रा कमिटीची चार माणसे नारायणगावला जाऊन आली असतील. त्यांनी तुम्हाला सुपारीचा आकडा सांगितला असेल. तिथे काय पाहिले, ते बहुधा सांगितले नसेल. म्हणून मी सांगतो.

पुणे-नाशिक रस्त्यावरचे हे गाव मला नवे नाही. कृषी खात्यात तीस वर्षे गेली. कधी टोमॅटोच्या बाजारात, कधी कुणाच्या द्राक्षबागेत माझी फेरी व्हायचीच. पण दिवस मावळायच्या आत परत. यंदा आमच्या गावच्या कमिटीतले तीन मित्र म्हणाले, "सायेब, नुसती पिकंच बघता. एक रात्र आमच्यासंगं चला." एक तात्या, एक निवृत्त मास्तर आणि तिसरा तरुण उपसरपंच, ज्याला तमाशाऐवजी ऑर्केस्ट्राच हवा होता.

तुम्ही आडत्यांचे गाळे पाहिले आहेत ना? तशाच इथे फडांच्या राहुट्या लागतात. बाहेर फडमालकाच्या नावाचा फलक, आत मॅनेजर आणि त्याची तारखांची वही. महाराष्ट्रभरच्या गावांची माणसे एका राहुटीतून दुसरीत भाव काढत फिरतात. सगळ्यांना हवी असते तीच तिथी, त्यामुळे चैत्र वद्य अष्टमीचा भाव वेगळा आणि आडव्या दिवसाचा वेगळा. बाजार म्हटला की आवक आणि मागणी आलीच.

या गावाला तमाशापंढरी म्हणतात ते विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांमुळे. 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. खेळ चालू असताना बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीगत तुमच्या घरातल्या थोरांनीही सांगितली असेल. 2002 साली त्या गेल्या. शेवटचे दिवस मात्र ओढाताणीत गेले.

आम्ही ज्या राहुटीत बसलो, तिथल्या मॅनेजरने गावाचे नाव ऐकताच वहीची मागची पाने चाळली. "तुमच्याकडं वळीव झाला व्हता. गण-गवळण झाली, आन् मग निम्मीच सुपारी दिली तुम्ही."

तात्या उसळले. "पाऊस काय आमच्या हातात व्हता?"

"आमच्या तरी कुठं व्हता, तात्या?"

मला ती रात्र आठवली. त्याच आठवड्यात मी भिजलेल्या कांद्याचे पंचनामे करत हिंडत होतो. पडदे, ढोलकी, कपडे भिजलेल्या फडाचा पंचनामा कोण करणार, हे तेव्हा माझ्या मनातही आले नव्हते.

मॅनेजरने चहा मागवला आणि हिशोब मांडला. कलावंतांना हंगामाआधी उचल द्यावी लागते, ऊसतोडीच्या मजुरांना देतात तशीच. ती फडमालक व्याजाने काढतो. दसऱ्याला फड बाहेर पडतो, आणि खरी कमाई होते या दीड-दोन महिन्यांच्या यात्रांत. त्यात चार खेळ पावसाने गेले की वर्ष गेले. 2020 आणि 2021 ला तर करोनामुळे यात्राच भरल्या नाहीत. त्या काळात कित्येक कलावंत मजुरीला गेले.

सौदा तसाच ठेवून रात्री त्याच फडाचा खेळ पाहायला शेजारच्या एका गावी गेलो. हलगी कडाडली आणि उपसरपंचांचा मोबाईल खिशात गेला. गण झाला, गवळणीत मावशी आली, सोंगाड्याने पाणीपट्टी थकवणाऱ्यांची अशी काही खेचली की समोरचे दोन-तीन गृहस्थ उगाच पागोटे सारखे करू लागले. वग मात्र धड रंगलाच नाही. लाऊडस्पीकरला रात्री दहाची मर्यादा 2000 सालच्या नियमांनी आली. एरवी पहाटेपर्यंत चालायचा तो वग आता घाईने गुंडाळतात. नियम चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही, आजारी माणसाला झोप हवीच. पण मास्तर परतताना गप्प गप्प होते.

आम्ही राहुटीत परतलो तेव्हा मॅनेजर बल्बखाली वही घेऊन जागाच होता. या वेळी उपसरपंचच आधी बोलले, "अष्टमी आम्हाला द्या. सकाळच्या हजेरीसकट." आकड्यावर अर्धा तास ओढाताण झाली, ती व्हायचीच. शेवटी तात्यांनी मास्तरांना कागद लिहायला सांगितले: गण झाल्यावर पाऊस आला, तर सुपारी पुरी द्यायची.

मागच्या निम्म्या बाकीचा विषय कुणीच काढला नाही. मीही नाही.

पहाटे एस.टी.त बसताना तात्या म्हणाले, "सायेब, कांदा झाकायला यंदा दोन ताडपत्र्या जास्तीच्या आणू. फडालाबी हुतील."